फुकट शाळा, पण बायबलसकट

१८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन पाद्री मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला ते नकोच होते. त्यांना परत धाडायची तयारीही झाली होती. पण त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीची सनद बदलून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली आणि पाद्री मुंबईत टिकले. १८१५पासून त्यांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी मराठी शाळा घातल्या. फी नव्हती, बायबल मात्र होतं.

आता शिकवायचं कोणी? लिहितावाचता येणारे बहुतेक ब्राह्मण. त्यामुळे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं मुलांकडून घोकून घ्यायचं काम पंतोजींच्याच गळ्यात पडलं. दिवसा येशूचे दृष्टान्त, संध्याकाळी संध्या, असा त्यांचा दिनक्रम असणार. मिशनचा नाइलाज होता आणि पंतोजींना पगार हवा होता.

पालकांचाही हिशेब साधा होता. पोराच्या पदरात अक्षरं आणि आकडे पडत असतील, तर चार प्रश्नोत्तरांनी काय बिघडतं? बिघडायचं तेव्हा मात्र भलतंच बिघडायचं. १८३९मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पारशी मुलं शाळेतून भराभर निघून गेली. १८४३मध्ये नारायण शेषाद्री हे ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मुंबई-पुण्याच्या ब्रह्मवृंदात वादाचा धुरळा उडाला. शाळा फुकट होती, पण असा धोका उचलायची तयारी पालकांना ठेवावी लागे.

ज्यांच्याकडे गमवायला जातीची प्रतिष्ठा नव्हती, त्यांचं गणित वेगळं होतं: त्यांना या शाळांतून मिळवायचंच जास्त होतं. अहमदनगरला अमेरिकन मिशनचं ठाणं १८३१मध्ये पडलं आणि तिथे १८३९मध्ये सिंथिया फॅरार आल्या. या अविवाहित शिक्षिका १८२७पासून मुंबईत मुलींना शिकवत होत्या. त्यांच्या नगरच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या. १८४८मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली, तिच्यामागे ही प्रेरणा होती. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे धडे फॅरारबाईंकडेच गिरवले. बाप्तिस्मा मात्र दोघांनीही घेतला नाही.

मिशनच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच व्यवहार म्हणायचा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी मातंग मुलगी मुक्ता साळवे हिचा निबंध १८५५मध्ये मिशनच्याच ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेद ब्राह्मणांचे, मग मांग-महारांचा धर्म कोणता, असा तिचा रोकडा सवाल होता.

त्याच सुमारास मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन अमेरिकेतून पाहणीला आले. इंग्रजी शिक्षण आखडा आणि प्रवचनाकडे वळा, असा त्यांचा कल होता. बोर्डाचे पैसे धर्मप्रसारासाठी जमवलेले, त्यामुळे त्यांच्या बाजूनेही बोलता येईल. बोर्ड असा हात आखडता घेत असताना, तिकडे सरकारी शिक्षणधोरण ठरवणाऱ्या १८५४च्या वूडच्या खलित्याने मात्र खाजगी शाळांना सरकारी अनुदानाचं दार उघडून दिलं होतं.

पुढे १८८२मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या सरकारी हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, तेव्हा मागणी थेट सरकारकडे केली: बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, आणि कष्टकऱ्यांच्या पैशातून वरच्या वर्गाची कॉलेजं पोसणं थांबवा.