तिशीतला विद्यार्थी

नांदेड-लातूरकडची नोकरी करणारी मुलं परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना विचारतात, ‘आता उशीर झाला का?’

1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली. डॉ. आंबेडकरांना लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास अर्धवट सोडावा लागला. पण चार वर्षांत परत येण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिलं. 1920 मध्ये, 29व्या वर्षी, संसार मागे ठेवून ते लंडनला गेले. 1923 मध्ये डी.एस्सी. झाले.

पुढे 1950 मध्ये त्यांनीच औरंगाबादला कॉलेज काढलं. तोवर मराठवाड्यातल्या बहुतेकांना पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे.

वयाची चिंता नंतर करा. परवानगी आणि पैसा, या दोन गोष्टींची तजवीज आधी करा.