बाणाचा पिसारा

राहुरीला मुळेच्या काठी आम्ही पोरे कामठ्यांची धनुष्ये करून खेळत असू. साल 1965 च्या आसपासचे. माझा बाण नेहमी वाकडा जाई आणि मी दोष देई तो वाऱ्याला. नदीवर मासे धरायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या भिल्लाने तो एकदा हातात घेतला, पिसांवरून अंगठा फिरवला आणि हसला.

"एक पीस उजव्या पंखाचं, एक डाव्याचं. दोन बैल दोन वाटांनी ओढाय लागले, तर गाडी जाईल कुठं, पोरा?"

"मग कसं लावायचं, बाबा?"

"एकाच बाजूची घे. अन् माशाच्या बाणाला लावूच नको. पाण्यात पिसाचं काय काम?"

म्हाताऱ्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे मला फार उशिरा कळले. उजव्या आणि डाव्या पंखांच्या पिसांची वळणे एकमेकांच्या उलट असतात. एकाच बाजूची लावली की बाण स्वतःभोवती फिरत सरळ जातो. सुटताना बाणाची काडी वाकते, थरथरते. पिसारा मागून वारा धरतो आणि तिला ताळ्यावर आणतो. शिकारीचे पाते रुंद असेल तर तेच पुढून वारा धरू लागते. म्हणून तेथे पिसारा मोठा हवा. मात्र मोठ्या पिसाऱ्याने वेग जातो. जवळचे सावज असेल तर हा तोटा परवडतो, लांबचे असेल तर नाही.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनीही हा विषय क्षुद्र मानलेला नाही. चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत कावळा, हंस, क्रौंच, मोर, गिधाड इत्यादींची पिसे उत्तम ठरवली आहेत. दर बाणाला चार, सहा अंगुळे लांब. शार्ङ्ग धनुष्याच्या बाणाला दहा अंगुळे, स्नायूच्या तंतूंनी बांधलेली. तिकडे इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने 1417 साली प्रत्येक पाळीव हंसामागे सहा पिसे गोळा करण्याचा हुकूम सोडला होता. राजाला पिसांची चिंता पडावी, यात हसण्यासारखे काही नाही.

आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात मात्र पिसे बांधणाऱ्याला जागा नाही. ऑक्टोबर 1857 मध्ये नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी पडला. त्यानंतर खुद्द राहुरी भागात पुथार्जी नाईकाने टोळी उभी केली. ती लवकरच मोडली गेली. भागोजी नोव्हेंबर 1859 मध्ये सूटरच्या तुकडीशी लढताना मारला गेला. सरकारी लेखकाने टोळ्या मोजल्या, पडलेले मोजले. भात्यात काय होते आणि ते कोणी घडवले, हे त्याला विचारावेसे वाटले नाही.

पण त्याला नावे ठेवण्याचा मला तरी काय अधिकार? 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर उतरणारी गिधाडे पुढे गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने देशभर संपत आली; 2006 साली ते औषध गुरांसाठी बंद झाले, तोवर आभाळ रिकामे झाले होते. म्हाताऱ्याने त्या दिवशी माझ्या बाणाला गिधाडाचीच तीन पिसे बांधून दिली होती. बाण सरळ गेला आणि मी त्याच्यामागे धावत सुटलो. त्याचा आजा कोणत्या नाईकाबरोबर होता, हे विचारायचे राहून गेले.