मडकं कधी काढायचं?



आज पिकाचं काही नाही, पाखरांचं आहे. पण गोष्ट शेवटी पावसावरच येते, त्यामुळं आपल्या पानावर चालून जाईल.

आमच्या जुन्या घरातली धान्याची खोली बरीच वर्षं रिकामी होती. कणग्या गेल्या, पोती शेडात गेली. दोन वर्षांपूर्वी थोरल्या पोरीनं त्या खोलीला जाळी मारून घेतली, बाजारातून लव्हबर्डच्या चार जोड्या आणल्या आणि भिंतीला मडकी टांगली. पिल्लं झाली, पै-पाहुण्यांना वाटली, तरी गेल्या महिन्यात मोजली तर एकवीस पाखरं. पोरगी खूश, मीही खूश.

मग एका सकाळी सगळ्यात जुनी मादी खाली जमिनीवर पिसं फुगवून बसलेली दिसली. शेपूट वरखाली हलत होती. दुपारपर्यंत गेली. अंडं अडकलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "एकामागं एक किती वेळा अंड्यावर बसली?" पोरीनं वही काढली. पाच वेळा. मधी खंड नाही.

"मी कुठं बसवली पप्पा, ती आपणच बसली," पोरगी रडत म्हणाली.

खरं आहे. ती आपणच बसली. पण थांबली का नाही? याचं उत्तर शोधायला गेलो आणि पावणेदोनशे वर्षं मागं जाऊन पोचलो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो ते लव्हबर्ड नव्हेच. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, अंगानं जाडजूड, शेपटीला आखूड. आपल्याकडच्या पिंजऱ्यातलं हे लांब शेपटीचं, पाठीवर लाटालाटांच्या रेघा असलेलं पाखरू म्हणजे बजरीगार. छोटा पोपटच, वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. मूळ ऑस्ट्रेलियाचं, आणि तेही किनाऱ्यावरच्या हिरव्या भागाचं नाही. आतल्या कोरड्या मुलखाचं. नावसुद्धा तिथल्या आदिवासींच्या गमिलराय भाषेतून आलेलं, इंग्रजांच्या जिभेवर वळून बजरीगार झालेलं.

तो मुलूख आपल्या दुष्काळी पट्ट्याचा थोरला भाऊ म्हणा. पाऊस कधी येईल याचा नेम नाही. दोन-दोन वर्षं नुसता फुफाटा, मग एकदा असा पडतो की सगळं रान गवतानं भरतं. बजरीचं सगळं आयुष्य या बेभरवशाच्या पावसाला बांधलेलं. थव्यानं फिरायचं, जिकडं पाऊस झाला असेल तिकडं जायचं. गवताला दाणा धरला की निलगिरीच्या झाडातल्या ढोलीत शिरायचं आणि भराभरा पिल्लं काढायची. एक दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी, अठरा दिवसांची उबवण, पाच आठवड्यांत पिल्लू ढोलीबाहेर. रानात दाणा असेपर्यंत दुसरी वीण, जमलं तर तिसरी. दाणा संपला की वीण बंद, थवा पुढं. पुन्हा पाऊस कधी येईल ते कुणालाच माहीत नाही, म्हणून आला तेवढ्यात उरकून घ्यायचं. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. वाफसा आला की आपण रात्रीची सुद्धा पेरणी करतो.

इंग्रजांना हे पाखरू १८०५ पासून कागदावर माहीत होतं. पण जिवंत पाखरू विलायतेत नेलं ते जॉन गूल्ड यानं, १८४० साली. गूल्ड हा पक्ष्यांची चित्रांची मोठमोठी पुस्तकं काढणारा माणूस. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यांवर पुस्तक करायचं म्हणून १८३८ साली बायकोला घेऊन तिकडं गेला. बायको एलिझाबेथ स्वतः चित्रकार. तिचे भाऊ तिथं आधीच स्थायिक झालेले, त्यातल्या चार्ल्स कॉक्सन यानं बजरीची पिल्लं हातानं वाढवली होती. तीच जहाजावरून लंडनला पोचली.

त्या काळी जहाजाचा प्रवास महिनोन्‌महिन्यांचा. बरेच पक्षी वाटेतच मरत. हे मात्र टिकलं, आणि का टिकलं हे आपल्याला लगेच कळेल. याला ताजी फळं लागत नाहीत, किडे लागत नाहीत. कोरडा दाणा खातं आणि अगदी थोड्या पाण्यावर भागवतं. दुष्काळानं ज्याला घडवलं त्याला जहाजाचा पिंजरा काय मारणार? त्याचा काटकपणाच त्याच्या गळ्यात आला. पुढच्या वीस-तीस वर्षांत रानातून धरलेली बजरी जहाजं भरून हजारोंनी युरोपात गेली.

तोवर युरोपात घरातच वीण साधायला लागली होती. इथं एक गंमत आहे. या पाखराला घरटं बांधायला काडीकचरा लागत नाही. फक्त अंधारी पोकळी लागते. पोकळ ओंडका द्या, नारळाची करवंटी द्या, लाकडी पेटी द्या. आपल्याकडं मडकं. दुसरी गोष्ट लागते सोबत. एकट्या जोडीला कोंडून ठेवलं तर पुष्कळदा काहीच होत नाही. शेजारी चार जोड्या असल्या की सगळ्या एकदम कामाला लागतात. याचं कारण १९६० च्या दशकात अमेरिकेत बार्बरा ब्रॉकवे या संशोधक बाईंनी प्रयोगानं दाखवलं. नराचं ते हळू, गुणगुणल्यासारखं गाणं नुसतं कानावर पडलं तरी मादीच्या पोटातला अंडाशय वाढीला लागतो.

हे वाचलं तेव्हा मी खोलीत जाऊन उभा राहिलो. भरलेलं धान्याचं ताट. भिंतीवर बारा महिने टांगलेली मडकी. सात-आठ नर दिवसभर गुणगुणतायत. वर पोरगी अभ्यासाला बसते म्हणून रात्री दहापर्यंत दिवा. त्या मादीच्या अंगाला काय कळत असेल? पाऊस झालाय, दाणा धरलाय, थवा जमलाय, ढोली मोकळी आहे. आटप लवकर. आम्ही त्या खोलीत दोन वर्षं पावसाळा चालू ठेवला होता.

आता रंगांकडं येतो, कारण या पाखराचा खरा बाजार रंगानं उठवला. रानातलं बजरी हिरवं. ती हिरवाई दोन गोष्टींची. पिसात पिवळा रंग असतो आणि पिसाच्या घडणीमुळं उजेड निळा दिसतो. दोन्ही मिळून हिरवं. बेल्जियममध्ये १८७० नंतर पिवळी पाखरं निघाली आणि १८८० च्या सुमारास निळं निघालं. निळ्यात पिवळा रंग तयारच होत नाही. यामागचा एक जीन २०१७ साली शास्त्रज्ञांनी नेमका शोधून काढला. पण पाळणाऱ्यांना हिशोब फार आधीच लागला होता. जर्मनीत ब्रेमेनच्या हान्स डंकर या शिक्षकानं १९२० च्या दशकात वहीत मांडून दाखवलं: हिरवा आणि निळा जोडलात तर पहिल्या पिढीत सगळी हिरवीच, त्या पिढीतली दोन आपसात जोडलीत तर चारात एक निळं. आपल्या संकरित बियाण्याचं गणित तेच. पहिल्या पिढीचं बी ठेवून पुन्हा पेरलं की शेत मिसळ का होतं, ते याच हिशोबानं.

१९१० साली लंडनच्या प्रदर्शनात निळी बजरी आली आणि लोक वेडे झाले. १९२५ साली इंग्लंडात बजरी पाळणाऱ्यांची स्वतंत्र संस्था उभी राहिली. १९२० च्या दशकातच जपानमध्ये निळ्या बजरीची अशी लाट आली की एका जोडीला अव्वाच्या सव्वा किंमत मिळायला लागली. युरोपातल्या पाळणाऱ्यांनी मिळेल ती जोडी बसवली. मग जपानचा बाजार एकदम पडला आणि दारात पाखरंच पाखरं. आपल्याकडं इमूचं काय झालं ते आठवा. आधी पिल्लू विकणारा कमावतो, मग त्याच्याकडून घेणारा कमावतो आणि शेवटी घेतलेल्याच्या कुंपणात नुसतं खाणारं जनावर उरतं.

पुढचा भाग मात्र घरात पाखरं असणाऱ्यांनी नीट वाचा.

१९२९-३० च्या हिवाळ्यात अमेरिकेत माणसं न्यूमोनियासारख्या तापानं पडायला लागली. दुवा निघाला तो घरात आणलेल्या पोपटांचा. दक्षिण अमेरिकेतून आलेले मोठे पोपट होते ते. सरकारनं जानेवारी १९३० मध्ये पोपटांची आयात बंद केली. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण त्या वेळी कॅलिफोर्नियात मंदीनं पिचलेली माणसं परसात बजरी वाढवून विकत होती. तिथंही त्यांना लव्हबर्डच म्हणत. १९३१ च्या अखेरीस तिथं पुन्हा माणसं मेली. कार्ल मेयर या शास्त्रज्ञानं परसातल्या जाळ्या तपासल्या, तर वरून ठणठणीत दिसणाऱ्या पाखरांतही तो जंतू निघाला. पुढं ऑस्ट्रेलियात बर्नेट यांनी दाखवलं की हा जंतू तिथल्या रानातल्या पोपटांतही आहे, पण बहुतेक वेळा गप्प असतो. पाखरं दाटीनं कोंडली, खाण्याची आबाळ झाली, वीण काढून काढून थकली, की तो उठतो. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाच्या छातीत जातो. आज त्यावर औषध आहे, पण डॉक्टरांना "घरात पाखरं आहेत" हे सांगावं लागतं, नाहीतर साधा ताप म्हणून दिवस जातात. कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा, तोंडाला फडकं बांधा, मग गोळा करा. आमची पोरगी कोरडाच झाडू मारत होती.

आता कुणी विचारेल, मग आपल्या राघूनं काय घोडं मारलं? माझ्या आजोबांकडं राघू होता. ढोलीतून काढलेलं पिल्लू. बारा वर्षं गोल पिंजऱ्यात, एकटा. आजी त्याला मिरची द्यायची, तो आजोबांच्या आवाजात तिला हाक मारायचा, आम्ही हसायचो. एका ढोलीतली किती पिल्लं काढली तेव्हा एक जगलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं देशी पोपट धरणं-पाळणं गुन्हा ठरलं, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशी पक्ष्यांचा व्यापारही बंद झाला, हे चांगलंच झालं. ऑस्ट्रेलियानंही १९६० पासून आपल्या रानातल्या पाखरांची विक्री परदेशी बंद केली. तोवर जगभरच्या बजरी पिंजऱ्यातच जन्मून पिंजऱ्यातच वाढायला लागल्या होत्या. त्यामुळं बजरी पाळण्यात रानातली ढोली लुटली जात नाही, ही तिची जमेची बाजू.

पण म्हणूनच आपली जबाबदारी जास्त. "पाप लागतंय, सोडून द्या" असं शेजारी म्हणाले. पिढ्यान्‌पिढ्या ताटातला दाणा खाल्लेली ही पाखरं आपल्या रानात सोडली तर शिक्रा आणि कावळे आठ दिवस सुद्धा ठेवणार नाहीत.

एक गोष्ट मला चटका लावून गेली. बजरीचं दुकानात मिळणारं मुख्य खाणं काय? कांगणी. म्हणजे आपला राळा. माझी आजी भोगीला राळ्याचा भात करायची. आमच्या रानातून राळा गेला, ताटातून गेला, आणि ज्या खोलीत राळ्याची कणगी असायची त्याच खोलीत आता पाखरांसाठी तो विकत आणतोय. हलक्या रानात कमी पाण्यावर येणारं धान्य, हलक्या पावसावर जगणाऱ्या पाखराला. जोड शोभते खरी. यंदा बांधाकडेच्या अर्ध्या गुंठ्यात राळा टाकलाय. निम्मा पाखरांना, निम्मा भोगीला.

खोलीत काय बदललं तेही सांगतो. सगळ्या पिल्लांनी खोली धरल्यावर पोरीनं सगळी मडकी उतरवली. नर वेगळ्या जाळीत. दिवा मावळतीला बंद. समुद्रफेस टांगला, कारण अंड्याचं कवच मादीच्या हाडांतूनच जातं. वर्षाला दोन विणी, मग मडकं खाली. पहिले पंधरा दिवस माद्या मडक्याच्या रिकाम्या खुंटीपाशी जाऊन बसायच्या. पोरगी म्हणाली, "पप्पा, त्यांना वाईट वाटतंय, परत टांगू का?" मी नको म्हणालो, पण मलाही बघवत नव्हतं.

आता त्या खुंटीला जात नाहीत. पिसं झाडून नवी पिसं येतायत. रानात दाणा संपला की थवा उठायचा, विसावा आपोआप मिळायचा. या खोलीत दाणा संपत नाही, त्यामुळं तेवढा दुष्काळ आपल्यालाच करावा लागतो. जमिनीला आपण पूर्वी वर्षभर पड ठेवायचो, ते कधीपासून सोडलं, तेही या निमित्तानं आठवलं.

पोरीनं वहीत त्या मादीच्या पानावर पाच विणींच्या खाली एक रेघ मारलीय आणि पुढं लिहिलंय, "माझं चुकलं." ते पान मी फाडू दिलं नाही.

तुमच्याकडं लव्हबर्ड असतील तर आज एकदा मोजा, कुठली मादी कितव्यांदा बसलीय. आणि कुणाकडं राळ्याचं जुनं गावरान बी असेल तर खाली सांगा, न्यायला येतो.