भाकर, भीक आणि हक्क

विहाराच्या या स्मरणिकेत इमारतीचा, वर्गणीचा, कार्यक्रमांचा इतिहास आहेच. पण आपल्या समाजाचा खरा इतिहास भाकरीचा आहे. तो आपल्या लेकराबाळांना ठाऊक असावा, म्हणून हे चार शब्द.

गावगाड्यात आपल्या आज्या-पणज्यांनी येसकरी केली. वेस राखायची, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं आणि सांजच्याला दारोदार भाकरी मागायची. कष्ट केले तरी ती मजुरी नव्हती. शिवू नये म्हणून वरून टाकलेला तुकडा होता तो. पोट भरायचं, पण मान खाली जायची. बाबासाहेबांनी हेच दुखणं ओळखलं. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या कसबे तडवळ्याला, निजामी राज्यात, महार-मांग वतनदारांची परिषद भरली. तिला ते स्वतः आले. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी ही कामं सोडली. त्यापायी कित्येक गावांत बहिष्कार पडला. लोकांनी उपास काढले, पण पुन्हा तुकडे मागितले नाहीत.

मग १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा लातूरसुद्धा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. विहिरी आटल्या, जनावरं मातीमोल गेली. रेशनवर लाल मिलो आणि कामावर सुकडी, यावर माणसं जगली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं अशा कामांवर मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं होती. बड्या शेतकऱ्यांच्या घरची माणसंही टोपली उचलायला आली. भुकेला जात नसते हे तिथं सगळ्यांनी पाहिलं.

या अनुभवातून एक मोठी गोष्ट घडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, काम न दिल्यास भत्ता. जे कालपर्यंत मेहेरबानी म्हणून मिळायचं, ते हक्कानं मागता येऊ लागलं. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, मजुरी थकली, हे खरं. तरी पण भीक आणि हक्क यांतला फरक कायद्यात लिहिला गेला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. माळवदाच्या जाड दगडी भिंतींनी घरंच्या घरं गाडली. जे काल दुसऱ्याला वाढत होते, तेच त्या सकाळी अन्नाच्या रांगेत उभे राहिले. कुठून कुठून, नाव-गाव न विचारता, अनोळखी माणसं मदतीला धावली. हात पसरताना काय वाटतं, हे तेव्हा वाड्यालाही कळलं.

आळवीची कथा आपण ऐकली आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला एक गरीब माणूस उपाशीपोटी उपदेश ऐकायला आला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घातलं, मग धम्म सांगितला. काही भिक्खू कुजबुजले, पण भुकेल्याला धम्म कळत नाही हे भगवंत जाणून होते. त्यांनी त्याची जात विचारली नाही, की त्याच्याकडून उपकार वदवून घेतले नाहीत.

आपल्या जिल्ह्यातून आजही माणसं ऊसतोडीला, मजुरीला परमुलखात जातात. तसाच परमुलखातला माणूस आपल्या दारीही येतो. त्याला पंगतीत शेजारी बसवून वाढावं, वरून टाकू नये. वरून टाकलेल्या भाकरीची चव आपल्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या चाखली आहे.