वरच्या पट्टीतला चेहरा

बदलीचा हुकूम आला की आमच्या घरी सर्वांत शेवटी भिंतीवरून उतरणारा आणि नव्या बिऱ्हाडी सर्वांत आधी भिंतीवर चढणारा जिन्नस म्हणजे आजीचा फोटो. आधी वडिलांच्या आणि पुढे माझ्या नोकरीत त्याने झाशीपासून गुवाहाटीपर्यंत कितीतरी परक्या भिंती पाहिल्या. 1938 साली काढलेल्या या फोटोत आजीचा चेहरा शुभ्र पार्श्वभूमीवर उजळून निघाला आहे. गालावर एक रेघ नाही की डाग नाही. वडील मात्र त्याच्याकडे पाहून नेहमी म्हणत, "आईच्या तोंडावर देवीचे व्रण होते. फोटोवाल्याने ते पुसून टाकले." या बोलण्यात कौतुक होते की तक्रार, हे मला पुष्कळ वर्षे उमगले नाही. सेवानिवृत्तीनंतर संगणकावर छायाचित्रे उजळण्याची विद्या थोडीफार हाताळू लागलो, तेव्हा त्या वाक्यातला प्रश्न नव्याने समोर आला आणि त्याच्यामागे दडलेला इतिहासही.

ज्याला छायाचित्रकार 'हाय-की' म्हणतात, त्याला आपल्या गाण्यातला शब्द अगदी चपखल बसतो: वरची पट्टी. अशा चित्रातील बहुतेक छटा पांढऱ्याच्या जवळच्या असतात. पार्श्वभूमी पांढरी, कपडे फिके, सावल्या जवळजवळ नाहीतच. काळा रंग उरतो तो डोळ्यांच्या बाहुल्यांत, भुवयांत आणि केसांत. परंतु वरच्या पट्टीत गाणे म्हणजे ओरडणे नव्हे. पांढऱ्याच्या पोटातही पुन्हा चार-दोन पांढरे असावे लागतात आणि कपाळाचा उजेड गालाच्या उजेडाहून निराळा दिसावा लागतो. तो भेद हरपला की चित्र तेजस्वी न होता केवळ पुसट होते.

प्रारंभीच्या छायाचित्रांत हा भेद साधणे फार कठीण होते आणि त्याचे कारण रसायनात होते. 1839 साली डागेरची चांदीच्या पत्र्यावरील चित्रे जगासमोर आली. 1841 साली टॅल्बटने निगेटिव्हवरून कागदी प्रती काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि 1851 साली आर्चरची ओल्या कोलोडियनची काच आली. या सर्व प्रक्रियांना एकच दृष्टिदोष होता. त्यांना निळा व जांभळा प्रकाश दिसे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश कागदावर कोरे पांढरे उमटे आणि गालावरची लाली, नाकावरचे तांबूस ठिपके हे प्रत्यक्षात असतील त्याहून कितीतरी काळे दिसत. मनुष्याचे कातडे, मग ते कोणत्याही वर्णाचे असो, निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश अधिक परत फेकते. म्हणजे कॅमेऱ्याला चेहऱ्याचा नेमका उजळ भाग दिसत नव्हता. आपल्याकडील सावळ्या, गव्हाळ चेहऱ्यांना तर याचा दुहेरी भार सोसावा लागला.

हा दोष झाकण्यासाठी माणसाचा हात पुढे आला. म्युनिचचा फ्रान्झ हान्फश्टेंगल याने 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात निगेटिव्हवर हाताने केलेली दुरुस्ती दाखवून प्रेक्षकांना चकित केले, असे या विद्येच्या इतिहासात सांगितले जाते. युक्ती साधी, पण उलटी होती. निगेटिव्हमध्ये जे काळे ते कागदावर पांढरे. म्हणून काचेवर बारीक शिसपेन्सिलीने जिथे काळे करावे, तिथे चेहरा उजळ होई. काळे फासून गोरे करण्याची ही कला पुढे घरोघरच्या फोटोंत शिरली. रिटचिंग करणारा कारागीर तिरप्या चौकटीत काच ठेवी, मागून उजेड घेई आणि सुरकुतीसुरकुतीवर पेन्सिलीचे टिंब टिंब देत बसे. गिऱ्हाईक खूष होई. त्याचा चेहरा मात्र हळूहळू दुसऱ्याच कोणाचा तरी होई.

सगळ्यांनाच हे मान्य नव्हते. 1815 साली कलकत्त्यात जन्मलेली आणि तेथेच कायदेमंडळींतील एका बड्या अधिकाऱ्याची पत्नी म्हणून काही वर्षे राहिलेली ज्युलिया मार्गारेट कॅमेरन हिच्या हाती वयाच्या 48 व्या वर्षी कॅमेरा आला. चेहरे गुळगुळीत करून देण्याची धंदेवाईक रीत तिने पत्करली नाही. डाग, धूसरपणा, बोटांचे ठसेदेखील तिच्या चित्रांत राहिले आणि त्याबद्दल तिने समकालीनांची बोलणी खाल्ली. आज त्या काळातील सफाईदार फोटोंपैकी बहुतेक विस्मृतीत गेले आहेत आणि तिचे चेहरे मात्र आपल्याकडे रोखून पाहत आहेत.

हिंदुस्थानात ही विद्या फार लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी 1854 साली स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या प्रारंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांपैकी होते. रुडकीला शिकून 1866 च्या सुमारास इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागलेले लाला दीनदयाळ हेही मूळचे आपल्यासारखेच सरकारी चाकर. पुढे निजामाने त्यांना 'राजा' केले. राजस्थानातील दरबारी चित्रकारांनी तर एक पाऊल पुढे टाकले. ते छापील फोटोवरच जाड रंग चढवीत, इतका की खालचा फोटो जवळजवळ दिसेनासा होई. तिकडे रंग हा फोटोला साहाय्य करी, इकडे फोटोच रंगाला निमित्त होई. तथापि त्यात लपवाछपवी नव्हती, कारण चित्र हे चित्र म्हणूनच भिंतीवर लागे.

दृष्टिदोषावर खरा उपाय शास्त्राने शोधला. 1873 साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल याला आढळले की विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही प्रतिसाद देते. 1906 पर्यंत सर्व रंगांना जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात आल्या. दरम्यान 1890 साली हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने प्रकाश किती पडला आणि काच किती काळवंडली यांचा संबंध एका वक्ररेषेत मांडून दाखविला. छटांचे गणित तेव्हापासून हातातले झाले.

1990 साली आलेल्या 'फोटोशॉप' या प्रणालीत याच वक्ररेषेचे वंशज आहेत. तिच्यातील वक्ररेषा मधोमध धरून वर उचलली की मधल्या छटा उजळतात. काळोख्या खोलीत छाप काढताना उजेड अडविण्याची जी जुनी युक्ती होती, तिचे नाव आणि चिन्हही तेथे तसेच आहे. वरच्या पट्टीतील व्यक्तिचित्रासाठी एक क्लृप्ती तर मला फार अर्थपूर्ण वाटते. रंगीत चित्र तांबड्या, हिरव्या व निळ्या अशा तीन थरांत साठविलेले असते. त्यांतील फक्त तांबड्या थरावरून कृष्णधवल चित्र केले की चेहरा आपोआप उजळतो आणि बारीक डाग विरतात. निळा थर घेतला तर तोच चेहरा काळवंडलेला, ठिपक्यांनी भरलेला दिसतो. म्हणजे जुन्या कोलोडियनची नजर आजही एका बोटाच्या अंतरावर आहे. चेहरा एकच, कोणत्या प्रकाशाला खरे मानायचे, एवढाच प्रश्न.

मात्र या सोयीला एक कठोर मर्यादा आहे. साधारण चित्रात प्रत्येक थराला 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. गालाचा सगळा भाग 255 वर नेऊन ठेवला की तेथील तपशील नाहीसा होतो, आणि तसे साठविलेले चित्र पुन्हा कितीही काळे केले तरी तो परत येत नाही. करडा सपाट पट्टा तेवढा उरतो. म्हणून जाणकार माणूस पांढऱ्याच्या टोकाच्या अलीकडे थांबतो आणि डोळे, ओठ, केस यांच्यावर आवरण घालून त्यांचा काळेपणा राखतो.

येथेच आपल्या समाजाला सोडवत नसलेली गाठ आहे. उजळ चित्र आणि गोरा माणूस या दोन गोष्टी आपण एकच समजतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोडॅक कंपनी रंग जुळविण्यासाठी जे नमुनाचित्र प्रयोगशाळांना पाठवी, त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. 1990 च्या दशकात त्या नमुन्यांत निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. आपल्याकडे तर मुलीचा फोटो स्थळाकडे पाठविण्यापूर्वी तो 'जरा उजळ' करून घेण्याची रीत पेन्सिलीपासून संगणकापर्यंत अखंड चालत आली. पण रिचर्ड अ‍ॅव्हेडनने 1979 ते 1984 या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातील खाणकामगार आणि मजूर पांढऱ्या कागदासमोर उभे करून टिपले, तेव्हा त्या शुभ्रतेने त्यांच्या अंगावरची काजळी लपविली नाही. उलट ती अधिक ठळक केली. पांढरी पार्श्वभूमी माणसाला गोरे करण्यासाठीच असते असे नाही. भोवतालचे सगळे बाजूला सारून फक्त माणूस दाखविण्यासाठीही ती असू शकते. सावळा चेहरा सावळाच ठेवून वरच्या पट्टीत बसविता येतो. तो कसबाचा भाग आहे, वर्णाचा नव्हे.

हे सारे उमगल्यावर मी आजीचा फोटो संगणकावर चढविला. तिन्ही थर वेगळे करून पाहिले, वक्ररेषा खाली ओढून पाहिली. पदराची जरीची किनार स्पष्ट झाली आणि कुंकवाची कडही उमटली. गाल मात्र तसाच गुळगुळीत राहिला. काच केव्हाच फुटून गेली होती आणि ते व्रण त्या कागदावर कधी उतरलेच नव्हते. 1938 साली कोणा कारागिराने, बहुधा सद्‌भावनेनेच, दिलेली पेन्सिलीची ती टिंबे आता कोणालाही पुसता येणार नाहीत.

वडिलांच्या बोलण्यात काय होते ते त्या दिवशी मला कळले. ज्या गालाला गाल लावून ते लहानपणी झोपले असतील, तो गाल त्या फोटोत नव्हता. मी फोटो पुन्हा होता तसा भिंतीवर लावला आहे. फक्त त्याच्या पाठीमागे शाईने एक ओळ लिहून ठेवली आहे: चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. पुढच्या भिंतीवर तो ज्याच्या हाताने लागेल, त्याला एवढे तरी ठाऊक असावे.