नाव तेच, जागा दुसरी: एका मेक्सिकन मुनिसिपिओची गोष्ट

लोकसंख्येचा इतिहास अभ्यासताना आपण सहसा एक गोष्ट गृहीत धरतो: तक्त्यात नाव तेच असेल, तर जागाही तीच. ही समजूत तपासायला मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्याचं एक उदाहरण फार उपयोगी आहे.

आधी एक खुलासा. मेक्सिकोतला 'मुनिसिपिओ' म्हणजे आपली शहरापुरती नगरपालिका नव्हे. त्यात मुख्य गाव, आसपासची खेडी, शेतं, जंगल असं सगळं येतं. म्हणजे आपल्या तालुक्याच्या जवळ जाणारी गोष्ट, पण स्वतःचं निवडून आलेलं सरकार असलेली.

अशाच एका मुनिसिपिओचं मुख्य गाव होतं सान हुआन परांगारिकुतिरो. 20 फेब्रुवारी 1943 रोजी जवळच्या पारिकुतिन गावात, दिओनिसिओ पुलिदो या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि ज्वालामुखी सुरू झाला. तो 1952 पर्यंत चालला. सुमारे 25 चौरस किलोमीटर जमीन लाव्हाखाली गेली. उद्रेकापूर्वी पारिकुतिनमध्ये 733 आणि सान हुआनमध्ये 1,895 माणसं राहत होती. दोन्ही गावं गाडली गेली. सान हुआनच्या चर्चचा मनोरा मात्र लाव्हातून आजही वर दिसतो.

लाव्हा हळूहळू सरकत आल्यामुळे लोकांना निघायला वेळ मिळाला. पण सगळे एकाच ठिकाणी गेले नाहीत, आणि आपल्या दृष्टीने खरी गंमत इथेच आहे. पारिकुतिनचे बरेच लोक उरुआपान शहराजवळ काल्त्सोंत्सिन या नव्या वस्तीत गेले. ती वस्ती उरुआपान मुनिसिपिओत मोडते. सान हुआनचे बरेच लोक मे 1944 मध्ये आपली ख्रिस्तमूर्ती घेऊन लोस कोनेहोस नावाच्या जागी आले आणि तिथे 'नवं' सान हुआन वसलं. मुनिसिपिओचं मुख्यालयही तिथेच आलं.

आता विचार करा. मेक्सिकोत 1940 ला जनगणना झाली आणि नंतर 1950 ला, म्हणजे उद्रेक चालू असतानाच. दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ वाढीचा दर काढला, तर आपण नक्की काय मोजलं? जन्म-मृत्यू, स्थलांतर, की मुख्यालयाचं हलणं? नुसत्या आकड्यावरून हे वेगळं करता येत नाही.

त्यात आणखी एक पदर आहे. सान हुआनच्या लोकांनी जुन्या गावाभोवतालच्या सामूहिक जंगलावरचा हक्क सोडला नाही. 1980 च्या दशकात त्यांनी त्यावर लाकडाचा सामूहिक उद्योग उभा केला. म्हणजे घर नव्या जागी, पण पोट अजून जुन्या जमिनीवर. लोकसंख्येच्या तक्त्यात माणूस राहतो तिथे मोजला जातो. त्याची जमीन कुठे आहे, हे तो तक्ता सांगत नाही.

म्हणून दोन जनगणनांच्या ओळी जोडण्याआधी तीन प्रश्न विचारायचे: सीमा तीच आहे का? माणसं तीच आहेत का? आणि त्यांची उपजीविका त्याच हद्दीत आहे का? तिन्हींची उत्तरं मिळाली, की मगच आलेख काढायला घ्या.