वरसईची कावड

नोकरी गेल्याचं घरी न सांगताच मी झाशीला गेलो. सॅकमध्ये विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' होतं.

गोडसे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होतं, म्हणून १८५७ साली ते काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंड पेटलं. एप्रिल १८५८मध्ये इंग्रज झाशीत घुसले तेव्हा ते शहरातच होते. कत्तल, जाळपोळ त्यांनी डोळ्यांनी पाहिली. मिळवलेलं लुटारूंनी नेलं. तरीही आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी वरसईपर्यंत खांद्यावर आणली. त्यांची ही हकिकत पुस्तकरूपाने छापली गेली ती थेट १९०७ साली.

किल्ल्याच्या तटावरून खालचं शहर बघत होतो. आपण ज्याला सत्तावन्नचा इतिहास म्हणतो, तो या माणसाला कर्ज फेडायच्या वाटेत आडवा आला होता. माझे हप्ते त्यामुळे काही कमी होणार नव्हते. पण कमाई गमावून घरी परतणारा मी पहिला नव्हतो, आणि त्यांनी घराकडे पाठ फिरवली नव्हती.

तिथूनच बाबांना फोन लावला.